शंभर टनी डंपर समुद्रापार: सोडवायचा कुठे, हाच खरा प्रश्न

खाणीतलं यंत्र परदेशी पाठवायचं ठरलं की पहिला फोन जातो तो जहाजाचं भाडं विचारायला. खरं तर तो फोन चौथा-पाचवा असायला हवा. त्याआधी एका गोष्टीचा निकाल लागला पाहिजे: यंत्र किती तुकड्यांत सोडवायचं आणि कुठल्या सांध्यावर. रस्ता, जहाज, जकात, विमा आणि पलीकडची जोडणी, या पाचांचा खर्च त्या एका निर्णयाला बांधलेला असतो. शिवाय पाचही जण वेगवेगळं उत्तर मागतात.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण धरू. कोल इंडियाच्या खाणींत दिसतो त्या १०० टनी वर्गातला एक वापरलेला डंपर. तो विदर्भातून मुंबई बंदरात, तिथून दार-एस-सलामला, आणि पुढे रस्त्याने झांबियाच्या कॉपरबेल्टमध्ये न्यायचा आहे. (हे ‘१०० टन’ अमेरिकी शॉर्ट टन. आपल्या मेट्रिक हिशोबात वाहून न्यायची क्षमता सुमारे ९१ टन. कागदावर ‘१०० टन’ लिहिलेलं वाचून कुणीतरी तेच यंत्राचं वजन समजतो. ही चूक ऐकायला विनोदी वाटते, पण होते.) या वर्गातलं रिकामं यंत्र साधारण ७२ टनांचं धरू. जोडलेल्या अवस्थेत लांबी १०.३ मीटर, बॉडीवरची रुंदी ६.९ आणि उंची ५.०५ मीटर. पुढचे सगळे आकडे या उदाहरणापुरते आहेत. तुमच्या यंत्राचे आकडे तुम्हीच टेप लावून काढा. कंपनीच्या माहितीपत्रकावर विसंबू नका, कारण वापरलेल्या यंत्रावर कुणीतरी वेगळी बॉडी चढवलेली असते, बाजूला लायनर प्लेटा वेल्ड केलेल्या असतात, कठडे बदललेले असतात.

आता भाड्याचा हिशोब. सुट्या मालाचं (कंटेनरमध्ये न घातलेला माल नेणारं) जहाज वजन किंवा घनफळ यांपैकी जे जास्त भरेल त्यावर भाडं लावतं: एक टन किंवा एक घनमीटर म्हणजे एक फ्रेट टन. १०.३ × ६.९ × ५.०५ म्हणजे सुमारे ३५९ घनमीटर. वजन ७२ टन, पण भाडं भरायचं ३५९ टनांचं. हे ऐकल्यावर जो तो म्हणतो, मग सोडवून पाठवू, जागा कमी लागेल.

करून पाहू. बॉडी आणि टायर काढलेली चॅसी समजा ९ × ४.३ × ४ मीटर, म्हणजे १५५ घनमीटर. बॉडी मधोमध दोन भागांत, प्रत्येक ८ × ३.३ × २.२ मीटर, दोन्ही मिळून ११६. सहा टायर ३३. कठडे, शिड्या, नळ्या, पिना, सुटे भाग यांच्या पेट्या २०. बेरीज ३२४. सोडवण्याचा, कापण्याचा आणि पलीकडे पुन्हा वेल्डिंग करून जोडण्याचा एवढा खटाटोप करून वाचले फक्त ३५ घनमीटर. कारण उघड आहे. डंपरची बॉडी म्हणजे परात. कशीही ठेवली तरी आतली हवा तुमच्याच बिलात मोजली जाते. पाच-सहा डंपर एकदम जात असतील तर बॉडीचे भाग एकात एक बसवता येतात आणि तेव्हा फरक पडतो. एकट्या यंत्राला जहाजाच्या भाड्यासाठी सोडवणं परवडत नाही.

मग सोडवायचं का? रस्त्यासाठी. जवळपास सात मीटर रुंदीचं यंत्र खाणीच्या फाटकाबाहेर काढून मुंबईपर्यंत आणणं शक्यच नसतं, आणि पलीकडे दोन हजार किलोमीटर नेणं तर त्याहून नाही. म्हणजे सांधे रस्ता ठरवतो आणि जहाज ते निमूट मान्य करतं. भाड्याची चौकशी रस्त्यानंतर करायची ती यासाठी.

रस्त्याचं गणित

चॅसी ४३ टनांची झाली असं धरू: ७२ मधून बॉडीचे १६ गेले, सहा टायर-रिमचे मिळून १३ गेले. हा भार नेण्यासाठी हायड्रॉलिक ॲक्सलचा ट्रेलर लागतो. आपल्याकडे या ट्रेलरच्या एका ओळीला, म्हणजे आठ टायरांना, १८ टनांची मर्यादा आहे आणि त्यात ट्रेलरचं स्वतःचं वजनही येतं. वजन पेलायला चार ओळी पुरतील असं कागदावर दिसतं. तरी लांबी आणि वळणं पाहून वाहतूकदार ओळी वाढवतो. त्याच्याशी घासाघीस करताना ओळी कमी करायला लावू नका. पुलाची परवानगी ओळीवर पडणाऱ्या भारावर मिळते, तुमच्या बजेटवर नाही.

मार्गाची पाहणी करणारा माणूस मोटारसायकलवर नव्हे, उंचीची काठी लावलेल्या गाडीतून गेला पाहिजे. त्याने लिहून आणायचं ते असं: प्रत्येक उड्डाणपुलाखालची उंची, गावातल्या वीजवाहिन्या, टोलनाक्यावरच्या रुंद लेनची खरी रुंदी, आणि घाटातल्या वळणांची त्रिज्या. ट्रेलरवर चढल्यावर यंत्राच्या उंचीत ट्रेलरच्या पाटीची उंची मिळवायची असते. चॅसी ४ मीटर, पाटी १.१ मीटर, खाली लाकडाचे ठोकळे १५ सेंटिमीटर: झाले सव्वापाच. म्हणूनच केबिनच्या छतावरचे दिवे, एक्झॉस्टचा वरचा तुकडा, आरसे आणि कठडे आधीच उतरवून ठेवायचे. २० सेंटिमीटर वाचले तर कधी कधी शंभर किलोमीटरचा वळसा वाचतो.

पलीकडच्या रस्त्याचा विचारही इथेच करायचा. दार-एस-सलामहून निघालेला ट्रेलर मिकुमीच्या अभयारण्यातून जातो, किटोंगाचा घाट चढून इरिंगाकडे वळतो, म्बेयावरून टुंडुमा-नाकोंडे सीमेवर येतो आणि तिथून झांबियात उतरतो. पूर्व आफ्रिकी देशांत मालट्रकचं एकूण वजन ५६ टनांपर्यंतच साधं मानतात. त्यावर गेलात की जादा भाराचा परवाना, सोबत गाडी, आणि रात्रीची वाहतूक बंद. आपली ४३ टनांची चॅसी, ट्रेलर आणि ट्रॅक्टर मिळून ५६ सहज ओलांडतात. चॅसीमधून अजून दहा टन काढून साध्या परवान्यात बसवण्याचा मोह होतो. पण पुढे उरतात इंजिन, ट्रान्समिशन आणि मागचा ॲक्सल. ते काढायचे तर खाणीवर तशी स्वच्छ शेड हवी, क्रेन हवी, जोडणारे हात हवेत. तो मोह आवरलेला बरा. रुंदीसाठी परवाना काढावाच लागतो, मग वजनाचाही त्याच अर्जात येतो.

टाझारा रेल्वेचा पर्याय लोक विचारतात. दार-एस-सलाम ते कापिरी म्पोशी १,८६० किलोमीटरची ही लाइन, रुळांचं अंतर १,०६७ मिलिमीटर. पेट्या, बकेटचे दात, ट्रॅकच्या साखळ्या, गिअरबॉक्स असा आटोपशीर माल तिच्यावरून जाऊ शकतो. ४.३ मीटर रुंदीच्या चॅसीसाठी ती नाही.

सोडवताना

टायरपासून सुरुवात, कारण माणूस दगावतो तो इथे. मागच्या जोडटायरांची नट सैल करण्याआधी आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही टायरांची हवा व्हॉल्व्हचा गाभा काढून पूर्ण सोडायची. नुसता बाहेरचा मोकळा करून भागत नाही. रिम अनेक तुकड्यांचा असतो. त्याला आतून तडा गेलेला असला आणि हवा भरलेली असली, तर शेवटची नट निघताच लॉकरिंग (रिमचे तुकडे अडकवून ठेवणारी कडी) तोफेच्या गोळ्यासारखी सुटते. व्हॉल्व्हमध्ये तार घालून तो बर्फाने किंवा घाणीने अडलेला नाही याची खात्री करायची, मगच पाना लावायचा.

या वर्गाचा टायर २७.०० आर ४९ मापाचा, व्यास सुमारे २.७ मीटर. आता कंटेनरचं दार आठवा: हाय क्यूबचंसुद्धा उंचीला २.५८ आणि रुंदीला २.३४ मीटर. टायर उभा जात नाही, आडवाही जात नाही. दरवेळी कुणीतरी बंद कंटेनर मागवून ठेवतो आणि तो यार्डात रिकामा उभा राहून डिटेन्शन (कंटेनर अडवून ठेवल्याचा आकार) खातो. हे टायर वर उघड्या कंटेनरमध्ये किंवा फ्लॅट रॅकवर (छत आणि बाजू नसलेल्या कंटेनरवर) जातात.

बॉडी कापायची असेल तर निर्मात्याने दिलेल्या रेषेवरच. नवी बॉडी पुष्कळदा तुकड्यांत येते आणि खाणीवर वेल्ड होते. तो जुना वेल्ड शोधायचा आणि तिथेच गॅसकटर लावायचा. आडव्या फासळ्यांमधून मनाला येईल तिथे कापलं, तर पलीकडे कितीही भारी वेल्डर बसवा, वर्षभरात त्याच जागी चीर पडते. कापण्याआधी दोन्ही बाजूंना जुळणीच्या पट्ट्या वेल्ड करून त्यांना बोल्टची भोकं पाडून ठेवा. जोडताना बोल्ट आवळले की दोन भाग आपोआप मूळ जागी येतात. आणि गॅस असो की वेल्डिंग, यंत्रावर काही करण्याआधी बॅटरीच्या तारा सोडवा आणि इंजिनच्या कंट्रोलरचे कनेक्टर काढा. अर्थिंगचा क्लॅम्प कामाच्या अगदी जवळ लावा. कंट्रोलर जळला की यंत्र जहाजावर चढताना ठीक दिसतं, झांबियात सुरू होत नाही, आणि मग दोष कुणाचा यावर सहा महिने ईमेल चालतात.

हायड्रॉलिक नळ्या सोडल्या की तोंडं पोलादी टोपी किंवा प्लगने बंद करायची. चिंध्या कोंबायच्या नाहीत. हा नियम सगळ्यांना पाठ असतो आणि संध्याकाळी सहा वाजता टोप्या संपल्या की सगळे विसरतात. चिंधीचा धागा पंपात जाऊन बसतो. टोप्यांची यादी सोडवण्याच्या आठवडाभर आधी मापांसह काढा आणि वीस टक्के जादा मागवा. प्रत्येक नळीच्या दोन्ही टोकांना आणि ती जिथून निघाली त्या तोंडालाही एकच क्रमांक द्या, पत्र्याच्या पट्टीवर ठोकून. कागदी चिकटपट्टी समुद्रावर पोचेपर्यंत गळते.

सिलिंडरचे क्रोमचे दांडे शक्य तितके आत घ्यायचे. जे बाहेर राहतात त्यांना ग्रीस लावून ग्रीस-टेप गुंडाळायची. खारी हवा क्रोमवर ठिपके पाडते आणि तो ठिपका पुढे सील फाडतो. बाहेर राहिलेला दांडा प्रवासात सरकू नये म्हणून तारेने बांधा. पुढच्या सस्पेन्शनमध्ये नायट्रोजनचा दाब असतो. चॅसी ट्रेलरवर असताना ती या हवेच्या गादीवर तरंगत ठेवायची नाही. चॅसीच्या मुख्य तुळयांखाली लाकडाचे ठोकळे देऊन वजन थेट खाली उतरवायचं. नाही तर प्रत्येक खड्ड्याला यंत्र उडी मारतं, साखळ्या ढिल्या पडतात, आणि नाशिकला पोचेपर्यंत साखळी ताणणारा बाइंडर हाताने फिरतो.

अग्निशामक यंत्रणेच्या बाटल्या उतरवून वेगळ्या पेटीत, वेगळ्या घोषणेसह. बॅटऱ्या काढा किंवा निदान टोकं झाकून तारा सुट्या करा. डिझेल रिकामं करा. यंत्र स्वतः चालत जहाजात शिरणार असेल तरच थोडं ठेवा. धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय सागरी संहितेत डिझेल यंत्रांना अटींसह सूट आहे: गळती नसणं, टाकीतलं इंधन मर्यादेत असणं, बॅटरी सुरक्षित असणं. पण जहाज कंपनी स्वतःची त्याहून कडक अट लावू शकते आणि ती बुकिंगच्या कागदावर बारीक अक्षरांत असते.

धुलाई

कोळशाच्या खाणीतलं यंत्र असेल तर धुण्याचा प्रश्न नुसत्या स्वच्छतेचा नाही. बॉडीच्या फासळ्यांत, इंजिनखालच्या पत्र्यात आणि रेडिएटरच्या मागे साचलेली कोळशाची भुकटी जहाजाच्या बंद तळात स्वतःहून तापू शकते. काळ्या मातीचा चिखल विदर्भात ट्रॅकमध्ये असा बसतो की वरून धुऊन यंत्र चकचकीत दिसतं आणि खालचा गार्ड उघडला की पोतंभर माती निघते. क्रम असा ठेवा: आधी खालचे सगळे गार्ड काढा, कोरडी माती सळईने खरवडा, मग दाबाच्या पाण्याने धुवा, वाळू द्या, पुन्हा खरवडा, पुन्हा धुवा. दोन दिवस धरा, एक नव्हे. एअर फिल्टर, केबिनमधल्या चटया आणि टूलबॉक्स विसरू नका. बी, गवत, पिसं तिथेच सापडतात. माल ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणार असेल तर हा भाग सगळ्यात महागडा ठरतो. मुठीएवढी माती सापडली तरी यंत्र तिथे पुन्हा धुतात, बिल तुमच्या नावे, किंवा परत पाठवतात.

पेट्या, ठोकळे आणि डनेज (मालाखाली आणि मध्ये घालायचा आधार) यांचं लाकूड आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे उष्णता दिलेलं, म्हणजे गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस निदान ३० मिनिटं, आणि त्यावर शिक्का. पेट्यांवर शिक्का असतो. शेवटच्या रात्री गोदीबाहेरून घाईत आणलेल्या दोन ठोकळ्यांवर मात्र नसतो, आणि तपासणारा नेमके तेच बघतो.

वजन आणि तोल

प्रत्येक तुकड्याचं खरं वजन आणि गुरुत्वमध्य माहीत नसताना उचलायला हात लावू नये. इतक्या रुंद चॅसीला सरळ काट्यावर घालता येत नाही. भरलेला ट्रेलर तोला, रिकामा तोला, वजाबाकी करा. गुरुत्वमध्यासाठी पुढच्या आणि मागच्या ॲक्सलखाली लोडसेल (भार मोजणारं साधन) असलेले जॅक लावा. समजा पुढे २३ टन, मागे २० टन आले आणि चाकांमधलं अंतर ४.९५ मीटर आहे. २३ ला ४३ ने भागून ४.९५ ने गुणा: मागच्या ॲक्सलपासून २.६५ मीटर पुढे. तिथे दोन्ही बाजूंना ठळक रंगाने उभी रेघ आणि वजन लिहा. बॉडी असतानाचा गुरुत्वमध्य आणि बॉडी काढल्यावरचा एक नसतो. जुनी रेघ पुसली नाही तर क्रेनवाला जुन्या रेघेवर विश्वास ठेवतो.

वजन अंदाजाने लिहिण्याची सवय किती महाग पडते ते ‘होग ओसाका’ या जहाजाच्या तपासातून दिसलं. ३ जानेवारी २०१५ रोजी साउदम्प्टनहून निघाल्यावर हे मोटारवाहू जहाज वळताना जोरात कलंडलं आणि ब्रॅम्बल बँक या वाळूच्या पट्ट्यावर टेकलं. त्यात मोटारींबरोबर जड यंत्रंही होती. ब्रिटिश सागरी अपघात तपास शाखेने नोंदवलं की निघण्याआधी स्थिरतेचा नीट हिशोब झालेला नव्हता आणि मालाची कित्येक वजनं प्रत्यक्ष तोललेली नसून अंदाजाची होती. कंटेनर आणि फ्लॅट रॅकसाठी १ जुलै २०१६ पासून प्रमाणित एकूण वजन देणं सक्तीचं झालं. सुट्या मालाला ती सक्ती लागू नाही, म्हणून तिथे जबाबदारी जास्त.

उचलताना स्लिंगचा, म्हणजे हुकाला लावलेल्या दोरांचा, कोन. चार पाय लावले म्हणून वजन चौघांत वाटलं जात नाही. ताठ वस्तूला समोरासमोरचे दोनच पाय भार घेतात असं धरायचं. ४३ टनांसाठी आडव्या रेषेशी ६० अंशांचा कोन असेल तर प्रत्येक पायावर २४.८ टन येतात, ४५ अंशांवर ३०.४, आणि ३० अंशांवर थेट ४३ टन. क्रेनचा हुक उंच जात नाही म्हणून आखूड स्लिंग लावले की कोन पडतो आणि शॅकल (जोडणारी कडी) चिरतं. शिवाय आत खेचणारा जोर कठडे आणि टाक्या चेपतो. यावर इलाज स्प्रेडर बार, म्हणजे स्लिंगचे पाय फाकवून धरणारा आडवा दांडा. बंदरात तो वेळेला मिळेलच असं नाही, म्हणून बुकिंग करतानाच विचारा की जहाजाच्या स्वतःच्या क्रेनची क्षमता काय, कितव्या त्रिज्येला, आणि उचलण्याचं सामान कुणाचं.

कुठल्या जहाजात

तीन वाटा आहेत. रोरो जहाजात चाकावरचा माल रॅम्पवरून आत जातो. टायर काढलेली चॅसी स्वतः जाऊ शकत नाही, ती माफी ट्रेलरवर ठेवून ओढत नेतात (नावाला हसू नका, जर्मन कंपनीचं नाव आहे). रॅम्पची ताकद आणि आतल्या मजल्याची उंची जहाजागणिक बदलते. या यंत्रासाठी रोरो मिळाली तर मी तीच निवडेन: माल पावसात भिजत नाही आणि क्रेनने हवेत लटकत नाही.

फ्लॅट रॅकची जाहिरात फार होते. पण त्याचा दर माल रॅकच्या बाहेर किती डोकावतो त्यावर ठरतो. ४.३ मीटर रुंदीचा तुकडा डावी-उजवीकडच्या कंटेनरच्या जागा मारतो, उंचीने जादा असला की वरचीही. त्या सगळ्या मेलेल्या जागांचं भाडं तुम्ही भरता. शिवाय रॅकला वजन लांबीभर पसरलेलं हवं असतं. चॅसीचे चार हब चार ठिपक्यांवर टेकले तर रॅकची कमान वाकते. खाली लांब पोलादी तुळया घालून भार पसरवावा लागतो. टायर, पेट्या, बॉडीचे चपटे भाग फ्लॅट रॅकवर, चॅसी सुट्या मालाच्या जहाजात, ही वाटणी कागदावर सुंदर दिसते. पण दोन जहाजं दोन वेगळ्या तारखांना पोचतात, आणि जकातीचा प्रश्न उभा राहतो. त्याकडे लगेच येतो.

सुट्या मालाच्या जहाजात तळावर, झाकणावर नव्हे. हॅच कव्हरची ताकद तळाच्या मानाने खूप कमी असते. आणि डेकवर ठेवण्याची नोंद बिल ऑफ लेडिंगवर (जहाज कंपनीच्या मालपावतीवर) असेल व माल खरोखर डेकवरच गेला, तर जहाज कंपनीची जबाबदारी ठरवणाऱ्या हेग-विस्बी नियमांतलं संरक्षणही सुटतं. एजंट ‘किंचित स्वस्त’ म्हणून डेक सुचवतो, तेव्हा हे आठवा. जून ते सप्टेंबर अरबी समुद्रात तर नकोच.

बांधणी

यासाठी एक ढोबळ पण भरवशाचा नियम आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या माल बांधणीच्या संहितेत, परिशिष्ट १३ मध्ये आहे: मालाच्या प्रत्येक बाजूच्या बांधण्यांची सुरक्षित ताकद मिळून मालाच्या वजनाइतकी हवी. ४३ टन म्हणजे ४२२ किलोन्यूटन. १३ मिलिमीटरची ग्रेड ८० साखळी १०० किलोन्यूटनची धरतात. म्हणजे डावीकडे पाच, उजवीकडे पाच, आणि पुढे-मागे ओढणाऱ्या वेगळ्या. आडव्या रेषेशी ६० अंशांपेक्षा उभी असलेली साखळी या मोजणीत धरायची नाही. ती फक्त खाली दाबते, बाजूला जाऊ देते. गोदीत साखळ्या मोजणारे सगळे, कोन मोजणारा एखादाच.

साखळीची ताकद तिच्या सगळ्यात अशक्त कडीइतकी. टर्नबकल, शॅकल, तळावर वेल्ड केलेली डी-रिंग आणि यंत्रावरचं बांधण्याचं भोक, चौघांचा आकडा साखळीइतका हवा. वापरलेली पोलादी दोरी पुन्हा वापरायची असेल तर तिची सुरक्षित ताकद तुटण्याच्या भाराच्या ३० टक्केच धरतात, नव्या एकदाच्या दोरीची ८०. साखळ्या आणि कापडी पट्टे एकाच बाजूला मिसळू नका. पट्टा ताणला जातो, साखळी नाही, मग सगळा भार साखळीवर येतो.

आणि घर्षण. सुक्या पोलादावर पोलादाचा गुणक ०.१, ओल्यावर शून्य धरतात. लाकूड किंवा रबर मध्ये आलं की ०.३. एक्सकॅव्हेटरचे ट्रॅक थेट तळावर उभे केले की ते बर्फावरच्या गाडीसारखे घसरायला तयार असतात. पन्नास मिलिमीटर लाकडाचा थर म्हणजे स्वस्तातली सगळ्यात चांगली साखळी.

जकात आणि कागद

अवजड उत्खनक शीर्षक ८४२९ खाली, रस्त्याबाहेरचा डंपर ८७०४ १० खाली. सोडवलेलं पूर्ण यंत्र एकाच वेळी, एकाच घोषणेत आलं तर ते पूर्ण यंत्रच मानतात. वर्गीकरणाच्या सामान्य नियमांतला २ (अ) तो हाच. पण चॅसी एका जहाजातून आणि बॉडी दुसऱ्यातून आली, तर बॉडी ८७०७ मध्ये वेगळी ठरते आणि वापरलेले टायर ४०१२ मध्ये स्वतंत्र. दर बदलतात, यंत्राला मिळणारी खाणकामाची सवलत भागांना मिळत नाही, आणि अर्धवट यंत्र बंदरात अडकतं. शक्य असेल तर सगळे तुकडे एका जहाजात, एका बिल ऑफ लेडिंगवर, पॅकिंग लिस्टमध्ये ‘१४ पैकी १, १४ पैकी २’ असे.

कंत्राट संपल्यावर यंत्र परत आणायचं असेल तर जाण्याआधी सांगा. सीमाशुल्क अधिसूचनेनुसार निर्यात केलेला माल तीन वर्षांत, मुदतवाढीने पाच वर्षांपर्यंत, परत आणताना सवलत मिळते. पण ‘हेच ते यंत्र’ हे तुम्ही सिद्ध करायचं. चॅसी, इंजिन आणि ट्रान्समिशनचे क्रमांक शिपिंग बिलावर (निर्यातीच्या जकात घोषणेवर) हवेत, फोटो जोडलेले हवेत. परदेशात इंजिन बदललं तर जुन्याचं काय झालं याचा कागद ठेवा. काँगोच्या खाणीत जाणाऱ्या मालाला निघण्याआधीच ‘फेरी’ हे नोंदणीपत्र काढावं लागतं. विसरलात तर सीमेवर दंड.

विम्याबाबत एकच. जहाज कंपनीची जबाबदारी पाकिटाला ६६६.६७ किंवा किलोला २ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबी एकक), यांपैकी जास्त असेल ती. ४३ टनांच्या चॅसीला जास्तीत जास्त ८६,००० एसडीआर. यंत्राची किंमत त्याहून जास्त असेल तर वरचा भाग विम्यानेच भरायचा. जुन्या यंत्रांच्या पॉलिसीत गंज, ओरखडे वगळलेले असतात आणि बदली भागाचं कलम असतं. म्हणून चढवण्याआधी स्वतंत्र सर्व्हेअरकडून फोटोंसह अहवाल घ्या.

पलीकडे पोचल्यावर पहिली पेटी उघडायची ती नळ्यांची आणि पिनांची, कारण हरवलेला भाग मागवायला वेळ लागतो आणि तो आधी कळलेला बरा. बोल्ट नेमून दिलेल्या टॉर्कने आवळा. चाकांच्या नट पहिल्या फेऱ्यांनंतर पुन्हा तपासा, त्या हमखास बसतात आणि सैल होतात. वाहतुकीसाठी घातलेले लाकडी ठोकळे, सिलिंडरच्या तारा आणि एक्झॉस्टवर ठोकलेलं झाकण काढलं का, हे इंजिन सुरू करण्याआधी मोठ्याने विचारा. झाकण विसरल्याने सुरू न होणारी यंत्रं मोजायला गेलात तर दोन हातांची बोटं पुरत नाहीत.